आइसलँडच्या जुन्या कथा, मोठ्याने : अभिवाचन प्रकल्पाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४

जुन्या आइसलँडी पंचांगाप्रमाणे आज हिवाळ्याचा पहिला दिवस. कामाचा नारळ फोडायला मुद्दाम हाच दिवस धरला. काम असं : आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या देवांच्या कविता आणि सागांमधले, म्हणजे तिकडच्या जुन्या गद्य कथांमधले, काही प्रसंग मराठीत आणायचे, अभिवाचनासाठी बसवायचे आणि तिकडच्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे येत्या २४ एप्रिलला, पुण्यात घरगुती प्रयोग करायचा. ध्वनिमुद्रण त्यानंतर. ओडिन, थोर, लोकी ही नावं सिनेमांमुळे शाळकरी पोरांनाही ठाऊक झाली आहेत. पण ज्यांनी या देवांना खरोखर बळी दिले, वादळात सापडल्यावर हाक मारली, त्या पेगन, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या, माणसांची श्रद्धा कशी होती, हे मला शोधायचं आहे. आणि ते कानांनी.

कानांचा आग्रह का, ते आज सगळ्यांना सांगितलं. आइसलँडमध्ये गवताच्या मातीसकट कापलेल्या ढेपांनी घरं बांधत. आत एक सामाईक खोली असे, बादस्तोवा. झोपणं तिथेच, काम तिथेच. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री तेलाच्या दिव्याखाली सगळं घर लोकर पिंजत, कातत, विणत बसे, आणि एक जण सागा वाचे किंवा रीमूर नावाची कथाकाव्यं चालीवर म्हणे. या बैठकीचं नाव क्वोल्दवाका. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. शेवट मात्र धर्मप्रवचनाच्या वाचनाने होई. आधी थोर, मग येशू, दिवा तोच. धर्माधिकाऱ्यांना हे खपत नव्हतं. बिशप गुद्ब्रांदुर थोरलाकसोनने १५८९ च्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत राक्षसांच्या नि जुन्या वीरांच्या रीमूरवर कोरडे ओढले आहेत. १७४६ मध्ये सरकारी फर्मानही निघालं. लोक ऐकतच राहिले.

म्हणून आमच्या बैठकीचाही एकच नियम ठरला : ऐकणाऱ्याने हातकाम घेऊन यायचं. शेजारच्या काकूंनी वाती वळायला कापूस आणला, एकाने मटार आणले, माझ्या भाचीने क्रोशाची सुई. सुरुवातीला ‘व्होलुस्पा’ वाचली, ओडिनला जगाचा आरंभ आणि अंत सांगणाऱ्या भविष्यवेत्तीची कविता. पहिल्याच कडव्यात ती सगळ्यांकडे, थोरामोठ्यांकडे आणि लहानांकडे, कान मागते. कविता मनातल्या मनात वाचली तेव्हा ते कडवं मी नुसतं ओलांडून गेलो होतो. आज मोठ्याने म्हटल्यावर खोलीतल्या लोकांना खरंच गप्प व्हावं लागलं. कवितेचं पहिलं काम तेच.

९ नोव्हेंबर

संहितेचा बाज ठरवण्यात सगळा दिवस गेला. मूळ कवितेच्या ओळीचे दोन तुकडे असतात, मध्ये श्वास, आणि दोन्ही तुकडे सुरुवातीच्या सारख्या ध्वनीने बांधलेले. शेवटी यमक नाही. आमच्यातल्या एकाने ओवीत करून पाहिलं. कानाला गोड लागलं, पण ओवीचं यमक कडव्याला घडी घालून मिटवून टाकतं. या कवितांना तसं मिटायचं नसतं. एक ओळ दगडासारखी पडते, मग दुसरी. अभंगाचंही तेच झालं. शेवटी छोट्या ओळी, मध्ये ठाम थांबा आणि जमेल तिथे अनुप्रास, असं ठरलं. ‘हावामाल’मधल्या प्रसिद्ध कडव्याचा आमचा खर्डा :

गुरं जातात, गोत जातं,
आपणही आपसूक जातो त्याच वाटेने.

‘हावामाल’ म्हणजे ओडिनच्या तोंडचे बोल. आज त्याची पहिली काही कडवी वाचली. देवाचे शब्द म्हणून ऐकणारे सरसावून बसले, तर देव सांगतो काय? परक्या घरात शिरण्याआधी दारं नीट न्याहाळ, शत्रू कुठे बसला असेल सांगता येत नाही. मग म्हणतो, डोंगर ओलांडून आलेल्या पाहुण्याचे गुडघे गारठलेले असतात, त्याला आधी आगीजवळ बसवा. खायला द्या, कोरडे कपडे द्या, पाणी द्या, हात पुसायला कापड द्या. धर्मतत्त्व म्हणून यात काहीच नाही. पण जिथे हिवाळ्यात दार उघडलं नाही तर बाहेरचा माणूस मरतो, तिथे देवाने सगळ्यात आधी हेच बोलणं मला अगदी योग्य वाटतं. काकू म्हणाल्या, “टॉवेलपर्यंत विचार करणारा देव आहे हो!” आणि वाती वळता वळता ती कडवी पुन्हा वाचायला लावली.

२३ नोव्हेंबर

‘थ्रिम्सक्विदा’. थोर झोपेतून उठतो तर हातोडा गायब. थ्रिम नावाच्या राक्षसाने तो जमिनीत खोल पुरला आहे आणि फ्रेया देवी बायको म्हणून मिळाली तरच परत देणार. फ्रेया भडकते. मग थोरालाच नवरी करतात : डोक्यावरून पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात फ्रेयाचा हार. करवली म्हणून लोकी. मेजवानीत नवरी अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते. असं खाणारी नवरी पाहिली नाही, असं थ्रिम म्हणतो. लोकी सांगतो, सासरच्या ओढीने बाईसाहेब आठ रात्री जेवलेल्या नाहीत. लोक मटार सोलायचे थांबून हसत होते.

हसणं ओसरल्यावर प्रश्न निघाला. देवाची अशी थट्टा करणाऱ्यांची त्याच्यावर श्रद्धा असेल का? ही कविता श्रद्धा मावळल्यावर रचली गेली, असं काही अभ्यासक मानतात. मला मात्र तिचा शेवट महत्त्वाचा वाटतो. लग्न लागताना नवरीला पावन करायला थ्रिम स्वतः तो हातोडा आणवतो आणि तिच्या मांडीवर ठेवायला लावतो. म्हणजे हातोडा फक्त मारायचं हत्यार नव्हता. लग्नात त्याने आशीर्वाद द्यायचा ही रीत ऐकणाऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय कवितेची कळ फिरतच नाही. दहाव्या शतकातली हातोड्याच्या आकाराची गळ्यातली पदकं स्कँडिनेव्हियात जागोजागी सापडली आहेत. डेन्मार्कमध्ये त्रेन्डगॉर्डनला तर मऊ दगडाचा एक साचा मिळाला. त्यात क्रॉस आणि हातोडा दोन्ही ओतायची सोय आहे. गिऱ्हाईक जे मागेल ते. धर्म बदलण्याचा काळ कसा होता, हे त्या सोनाराच्या साच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

१४ डिसेंबर

आज ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप मांडला तो प्रसंग. ‘तांबड्या एरिकची सागा’, ग्रीनलँड, दुष्काळाचा हिवाळा. शिकारीला गेलेले रिकाम्या हाती परततात, काही परततच नाहीत. थोरकेल नावाचा शेतकरी थोरब्योर्ग या भविष्यवेत्तीला घरी बोलावतो. नऊ बहिणी होत्या, सगळ्या याच विद्येच्या. आता ही एकटीच उरली आहे.

लिहिणाऱ्याने तिचा पेहराव असा टिपला आहे की वाचताना गती आपोआप मंदावते. निळा झगा, खालच्या काठापर्यंत खडे जडवलेला. गळ्यात काचमण्यांची माळ. डोक्यावर काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी, आतून पांढऱ्या मांजराचं कातडं. हातात काठी, तिची मूठ पितळेची, भोवती खडे. कमरेच्या पट्ट्याला मोठा बटवा, त्यात विद्येला लागणाऱ्या वस्तू. पायात केसाळ वासराच्या कातड्याचे जोडे, लांब नाड्यांचे. हातमोजे मांजराच्या कातड्याचे, आत पांढरी लव. बसायला कोंबडीच्या पिसांची उशी. जेवायला करडाच्या आईच्या दुधातली लापशी आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या जातींच्या जनावरांची काळजं. पितळी चमचा. वॉलरसच्या दातांच्या मुठीचा सुरा, मुठीला तांब्याची दोन कडी, आणि सुऱ्याचं टोक मोडलेलं.

ते मोडलेलं टोक! कल्पनेने रचणारा माणूस सुरा धारदार करेल. टोक मोडलेला सुरा कोणीतरी पाहिलेला असतो, किंवा पाहिलेल्याकडून ऐकलेला असतो. सागा तेराव्या शतकातली आणि प्रसंग साधारण इसवी सन १००० चा, त्यामुळे यातलं प्रत्येक अक्षर खरं मानता येत नाही. पण डेन्मार्कमध्ये फिरकाटच्या किल्ल्याजवळ, सुमारे ९८० सालच्या एका स्त्रीच्या थडग्यात धातूची काठी आणि खुरासानी ओव्याच्या बिया सापडल्या आहेत. या बिया झिंग आणतात, भास घडवतात. अशा बायका नुसत्या गोष्टीतल्या नव्हत्या.

तर थोरब्योर्ग दुसऱ्या दिवशी मंचावर बसते आणि विधीसाठी लागणारं गाणं येणाऱ्या बायका आहेत का विचारते. कोणालाच येत नाही. मग गुद्रीद नावाची तरुण मुलगी म्हणते, मी जादूगार नाही की जाणती नाही, पण माझ्या पालक-आईने आइसलँडमध्ये मला ते गाणं शिकवलं होतं. आणि लगेच म्हणते, मी ते गाणार नाही, कारण मी ख्रिस्ती आहे. थोरब्योर्ग भांडत नाही. एवढंच म्हणते की तू इथल्या लोकांच्या उपयोगी पडशील आणि त्याने तू काही वाईट बाई होणार नाहीस. घरधनी गळ घालतो. बायका मंचाभोवती रिंगण करतात, गुद्रीद गाते. इतक्या सुंदर आवाजात हे गाणं कधी ऐकलं नव्हतं, असं तिथल्या सगळ्यांना वाटतं. आजवर पाठ फिरवून गेलेले आत्मे ते ऐकायला आले, असं भविष्यवेत्ती सांगते. आणि दुष्काळ हिवाळ्याबरोबर सरेल, हेही.

गाण्याचे शब्द सागेत नाहीत. तिथे काय करायचं यावर आज एकमत झालं नाही. आमच्यातल्या गायिकेला शब्द रचायचे आहेत. काकूंचं म्हणणं, जात्यावरची ओवी घालू. मी दोन्हींना तूर्त नाही म्हटलं.

२१ डिसेंबर

गुद्रीदचा प्रसंग पुन्हा. आज काकूंनी एक गोष्ट फार नेमकी मांडली. श्रावणातली कहाणी ऐकताना हातात अक्षता धरून बसायचं, मध्ये उठायचं नाही, ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झाल्यावरच हात मोकळा करायचा. ऐकणं हेच व्रतातलं काम असतं. थोरब्योर्गच्या रिंगणातल्या बायकांनाही गाणं येत नव्हतं, पण त्यांच्यावाचून विधी होत नव्हता. माझ्या हे आधी ध्यानात आलं नव्हतं. मी सगळं लक्ष गाणारीवर ठेवलं होतं. तालमीत आता रिंगणातल्या बायकांना स्वतंत्र जागा द्यायची.

११ जानेवारी २०२५

नव्या लोकांसाठी आज आधी हस्तलिखितांबद्दल बोललो, कारण हे सगळं आपल्यापर्यंत ख्रिस्ती हातांनी आलं आहे आणि ते विसरून वाचलं तर फसायला होतं. देवांच्या कवितांचा मुख्य आधार म्हणजे ‘कोडेक्स रेगियस’ हे १२७० च्या सुमाराचं हस्तलिखित. पंचेचाळीस पानं उरली आहेत, मधली आठ हरवली. १६४३ मध्ये ते स्काउल्होल्टचा बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सोनच्या हाती आलं, १६६२ मध्ये त्याने डेन्मार्कच्या राजाला पाठवलं. २१ एप्रिल १९७१ ला ते युद्धनौकेतून रेकयाविकला परत आलं तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते. मूठभर माणसांच्या देशाने एका पुस्तकासाठी बंदर भरून टाकावं, याने मला दर वेळी भरून येतं.

दुसरा आधार स्नोरी स्टुर्लुसोन (११७९–१२४१). सरदार, राजकारणी, इतिहासकार. शेवटी रेकहोल्टला आपल्याच घराच्या तळघरात मारला गेला. जुन्या देवांच्या कथा त्याने लिहिल्या त्या तरुण कवींसाठी, कारण देव ठाऊक नसतील तर जुन्या कवितेतल्या उपमा-रूपकं कळत नाहीत. ख्रिस्ती माणसाने या देवांवर विश्वास ठेवू नये, असंही तो बजावतो. तो उतारा प्रयोगात ठेवायचा, आणि काटछाट न करता, असं मी ठरवलं आहे. श्रद्धा संपल्यावरही गोष्ट जपली जाते ती कोणत्या कारणाने, हे स्नोरीइतकं उघड कोणी सांगत नाही.

स्नोरी दोनदा कायदा-निवेदकही होता. आल्थिंग ही सभा ९३० पासून भरत होती, आणि सुरुवातीच्या काळात कायदा लिहिलेला नव्हता. निवेदक तो तोंडपाठ म्हणे, दर उन्हाळ्यात एक तृतीयांश, तीन वर्षांत पुरा. लिहून काढायला सुरुवात झाली ती १११७–१८ च्या हिवाळ्यात. ज्या समाजात कायदासुद्धा ऐकूनच ठाऊक होतो, तिथल्या देवांना पानावर शोधणं अपुरंच राहणार.

२५ जानेवारी

आवाजाची चाचणी. पंखा बंद, खिडक्यांना रजया. मटार सोलल्याचा आवाज माईकवर चक्क छान येतो, ठेवायचा.

८ फेब्रुवारी

धर्मांतराचा प्रसंग. ९९९ किंवा १००० साली थिंगवेटलिरच्या सभेत देश दोन तुकड्यांत फुटायच्या बेतात होता, ख्रिस्ती एकीकडे आणि जुन्या रीतीचे दुसरीकडे. निवाडा थोरगेर या कायदा-निवेदकावर सोपवला, आणि तो स्वतः जुन्या रीतीचा. तो आपल्या राहुटीत गेला, अंगावर पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, कोणाशी बोलला नाही. सकाळी उठून सगळ्यांना बोलावलं : कायदा एक हवा, धर्म एक हवा, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. सवलती तीन. नको असलेलं मूल टाकण्याची आणि घोड्याचं मांस खाण्याची मुभा राहील, आणि ज्याला जुन्या देवांना बळी द्यायचा असेल त्याने तो लपूनछपून द्यावा. साक्षीदार मिळाले तर शिक्षा. काही वर्षांतच सवलती गेल्या.

हा वृत्तान्त आरी थोरगिल्सोनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला, आणि तो अतिशय कोरड्या आवाजात वाचायचा आहे. भावना घातली की पडतो. पांघरुणाखाली थोरगेर काय करत होता, ते आरी सांगत नाही. काही अभ्यासकांना त्यात जुन्या धर्माचाच विधी दिसतो, कौल घेण्याचा. मला ते पटण्यासारखं वाटतं, पण वाचणाऱ्याने आवाजातून तसं सुचवायचं नाही.

आरीनंतर लगेच हडकुळ्या हेल्गीच्या तीन-चार ओळी वाचायच्या. हा सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी. त्याचा विश्वास ख्रिस्तावर. घराला नावही क्रिस्तनेस दिलं. पण समुद्रप्रवासाला निघताना आणि अडचणीच्या वेळी हाक थोरला. नोंदवणाऱ्यालाही त्यात फारसं वावगं वाटलेलं दिसत नाही. सभेत एका निवाड्याने धर्म ठरत असेल, बोटीत तो तसा ठरत नव्हता.

१ मार्च

प्रश्न येणारच होता, आज आला : हे कोणी अजून मानतं का? हो. २० एप्रिल १९७२ ला, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, आइसलँडमध्ये या देवांना मानणाऱ्यांची आसात्रू संघटना स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी सरकारमान्य झाली. तिचा पहिला मुख्य स्वेनब्योर्न बेन्टेन्सोन मेंढपाळ शेतकरी होता आणि रीमूर गाणारा नामांकित गायक. देवांच्या कविता तो जुन्या चालीवर म्हणे. त्याच्या पठणाचं ध्वनिमुद्रण आज सगळ्यांना ऐकवलं. आवाज घोगरा, संथ, कुठेही नाट्य नाही. भाषा न कळूनही सगळे शेवटपर्यंत बसले. संघटनेचे आज पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत. एकूण लोकसंख्या चार लाखांच्या आत असलेल्या देशात ही संख्या लहान नाही. त्यांना धर्मग्रंथ नाही, पाळायची मतं नाहीत. एकत्र जमून कविता म्हणायच्या, देवांच्या नि पूर्वजांच्या नावाने पेय फिरवायचं, जेवायचं.

या विषयाची काळी बाजूही आज बोललो. नाझींनी रून-अक्षरं, म्हणजे तिकडची जुनी लिपी, आणि हे देव वंशश्रेष्ठत्वाच्या कामी लावले, आणि आजही काही टोळ्या तेच करतात. आइसलँडमधल्या संघटनेने अशा लोकांना उघडपणे झिडकारलं आहे. आमच्या निमंत्रणपत्रिकेवर रून नकोत, असं मी सुचवलं आणि सगळ्यांना पटलं. पत्रिकेवर पितळी चमचा आणि टोक मोडलेला सुरा येईल.

२२ मार्च

गुद्रीदच्या गाण्याचा निर्णय झाला. शब्द रचायचे नाहीत, ओवीही नाही. ओवी आपली आहे, ती घातली की ऐकणाऱ्याला वाटतं कळलं. आणि इथे कळून चालणार नाही. ते गाणं एका पालक-आईकडून मुलीकडे आलं आणि लिहिणाऱ्यापर्यंत पोचलंच नाही, ही सागेतली खरी परिस्थिती आहे. वाचणारी थांबेल. ऐकणाऱ्यांमधल्या पाच जणी उठून तिच्याभोवती उभ्या राहतील. त्यांतली एकेक जण ‘इतक्या सुंदर आवाजात कोणी ऐकलं नव्हतं’ हे वाक्य आपापल्या सुरात म्हणेल. गायिका आधी नाराज होती. तालमीत पाचव्या जणीचं वाक्य संपल्यावर तीच म्हणाली, राहू दे असंच.

२४ एप्रिल

प्रयोग झाला. उकाड्यात लोकरीची गोष्ट, पण खोली भरली. थ्रिमला अपेक्षेप्रमाणे हशा. आरीचा उतारा सगळ्यात उत्तम वाचला गेला. गुद्रीदच्या प्रसंगानंतर एका आजोबांनी विचारलं की त्या मुलीचं पुढे काय झालं. ते संहितेत नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं : नवऱ्याबरोबर ती अटलांटिक ओलांडून व्हिनलँडला, म्हणजे उत्तर अमेरिकेला गेली, तिथे तिला मुलगा झाला, दुसऱ्या सागेप्रमाणे म्हातारपणी ती रोमची यात्रा करून आली आणि एकांतवासी धर्मव्रती झाली. तिच्या वंशात बिशप झाले. आजोबा म्हणाले, हे आत घाला. घालणार आहे. जिने जुन्या देवांच्या विधीत गायलं, तिच्याच वंशजांनी तिची गोष्ट अभिमानाने सांगितली. ते बाहेर ठेवलं तर गोष्ट अर्धी राहते.

३ मे

ध्वनिमुद्रणाचा क्रम ठरला. पाच जणींचं रिंगण कानाला दिसत नाही, म्हणून माईक मध्यभागी ठेवून त्यांना खरोखर भोवती उभं करायचं. अंतर ऐकू येतं, तपासून पाहिलं. नावांचे उच्चार सगळ्यांनी सारखे करायचे, त्याची यादी भाची करते आहे.

सुरुवात ‘व्होलुस्पा’ने करायची नाही, हा नवा बदल. आधी सिग्वात. हा नॉर्वेच्या राजा ओलाफचा ख्रिस्ती कवी, १०१८ च्या सुमारास स्वीडनमधून प्रवास करत होता. संध्याकाळी एका घराचं दार ठोठावलं. बाईने उंबऱ्यातूनच परतवलं : आत येऊ नकोस, आमच्याकडे आल्फ नावाच्या अदृश्य शक्तींना बळी देणं चालू आहे, ओडिनचा कोप होईल. पुढच्या घरांतही तेच, आणि तिथल्या तिन्ही घरधन्यांची नावंही एकच. त्याने त्यावर चिडून कडवी रचली. आत काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही, पण ‘हावामाल’मध्ये पाहुण्याला आगीजवळ बसवा म्हणणारा देव आणि त्याच देवाच्या भीतीने बंद राहिलेलं हे दार, दोन्ही एकामागून एक ऐकवायची आहेत. बाईची ओळ काकू म्हणतील. त्यांनी ती आज दोनदा म्हणून दाखवली, एकदा घाबरून आणि एकदा ठणकावून. ठणकावलेली ठेवली.